गुण कमी करून मिळणेबाबत

पोराचे गुण वाढवून हवे असतील तर सुरत शहरात वाटांना तोटा नाही. शिकवणी आहे, शिकवणीच्या आधीची शिकवणी आहे, फेरतपासणीचा अर्ज आहे, आणि काहीच जमलं नाही तर ओळखीच्या माणसाच्या ओळखीचा माणूस आहे. गुण कमी करून हवे असतील तर मात्र अख्ख्या शहरात एक खिडकी उघडी नाही. निंबाभाऊ बोरसे यांना हा शोध वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी लागला. तो लागेपर्यंत त्यांच्या नऊ अर्ध्या रजा, एक छत्री आणि एकतीस वर्षं घडी न मोडता जपलेली प्रतिष्ठा एवढा ऐवज खर्ची पडला. छत्री नंतर सापडली.

निंबाभाऊ पर्वत पाटियाजवळच्या एका फोल्डिंगच्या कारखान्यात कापड तपासतात. मिलमधून रंगून आलेला कापडाचा लांबलचक ताका काचेच्या टेबलावरून सरकत जातो, वर ट्यूबलाइट, आणि ट्यूबलाइटच्या वर, असं तिथले कामगार म्हणतात, निंबाभाऊंची नजर. डाग दिसला, गाठ दिसली, धागा तुटलेला दिसला की खडूची खूण. खुणा कमी तर माल ‘फ्रेश’, जास्त तर ‘सेकंड’. निंबाभाऊंनी सेकंड म्हटलेला माल शेठलाही फ्रेश म्हणून विकायचा असेल तर तो त्यांच्या पाठीमागे विकावा लागतो. असा हा माणूस. कापडाच्या बाबतीत खोटं बोलला नाही. घरच्या बाबतीत बोलायची वेळच येत नसे, कारण घरी ते काम मंगलाबाई बघत.

त्यांचा मुलगा कुंदन चोवीस वर्षांचा आहे. तो कसा आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि घरात कुणी बोललेलं नव्हतं. मंगलाबाई म्हणत, ‘जरा भोळा शे.’ पाचव्या वर्षी तो भोळा होता तेव्हा लोक गोड हसले, पंधराव्या वर्षी भोळा होता तेव्हा विषय बदलू लागले, आणि विसाव्या वर्षानंतर मंगलाबाईंनीच विषय काढायचं सोडून दिलं. कुंदन घरात अहिराणी, गल्लीत गुजराती आणि परक्यांशी टीव्हीवरची हिंदी बोलतो. तिन्ही भाषांत तो सारखंच थोडं बोलतो, पण जे बोलतो ते खरं असतं. त्यामुळे पाहुणे आले की मंगलाबाई त्याला आतल्या खोलीत साड्यांवर टिकल्या चिकटवायला बसवत. बाजारातून गठ्ठे येतात, कागदावरची नक्षी बघून साडीवर चमकत्या टिकल्या बसवायच्या असतात. कुंदनची नक्षी कधी चुकत नाही. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. निंबाभाऊंनी तो ठेवला नाही, आणि पुढचं सगळं झालं.

गेल्या वर्षी निंबाभाऊंच्या छातीत स्प्रिंग बसवली. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांची नाशिकला दिलेली मुलगी हर्षदा फोनवर म्हणाली, पप्पा, तुमच्यानंतर कुंदनचं काय, हे एकदा तरी बोला. निंबाभाऊंनी फोन मंगलाबाईंकडे दिला. मंगलाबाईंनी वरणाला फोडणी द्यायची आहे म्हणून तो ठेवून दिला. पण प्रश्न काही ठेवला गेला नाही.

मग चलथाणकडची ती संस्था कळली. साखर कारखान्याच्या पुढं, मळीचा वास संपतो तिथं, कुंदनसारख्या मुलांसाठी एक कार्यशाळा आहे. दिवसा काम, आणि आई-बाप थकले की तिथंच कायमची राहायला खोली. निंबाभाऊ त्याला नुसतं बघायला घेऊन गेले. मोठ्या टेबलाभोवती दहा-बारा जण कागदी पिशव्या करत बसले होते. कुंदननं कुणाला न विचारता एक खुर्ची ओढली आणि पिशवी करायला घेतली. शेजारच्यानं डिंकाची वाटी त्याच्याकडे सरकवली. निघायची वेळ झाली तेव्हा तो उठेना. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच तो अशा ठिकाणी बसला होता जिथं त्याला आत जायला कुणी सांगितलं नव्हतं. परतताना निंबाभाऊ बसच्या खिडकीतून ऊस बघत राहिले. जागा एकच होती, संस्थेनं ती मार्चपर्यंत धरून ठेवायचं कबूल केलं होतं, आणि अट एकच होती: सरकारी दवाखान्याचा दाखला. त्यासाठी बुद्धीची चाचणी. आकडा सत्तरच्या खाली पाहिजे.

‘परीक्षा’ हा शब्द गल्लीत पोचला, ‘खाली’ हा शब्द वाटेत गळाला. दुसऱ्याच दिवशी बाबुराव गुरुजी हजर झाले. गुरुजी मराठी शाळेतून निवृत्त झालेले. कुंदनला त्यांनीच शिकवलं होतं. हातात सामान्यज्ञानाचं पुस्तक, खिशात दोन पेनं. निंबाभाऊंनी त्यांना समजावलं की इथं कमी गुण पडले तर बरं. गुरुजींनी मान डोलावली आणि कुंदनला राज्यांच्या राजधान्या शिकवायला सुरुवात केली. पोरांना नापास होण्यापासून वाचवण्यात त्यांची अडतीस वर्षं गेली होती. नापास होण्याची तयारी कशी करून घ्यायची, हे त्यांच्या प्रशिक्षणात नव्हतं. पंधरा दिवस ते रोज आले. कुंदनला एकही राजधानी आली नाही, पण गुरुजींना रोज चहा मिळाला, त्यामुळे कुणाचंच नुकसान झालं नाही.

समोरच्या भूपेंद्रभाईंची पद्धत वेगळी होती. भूपेंद्रभाई हिऱ्यांच्या धंद्यातले, कतारगामला कारखाना. दगड बघून पैलू पाडावा असा त्यांचा स्वभाव. ते म्हणाले, एवढं शिकवायचं कशाला, निंबाभाई? त्याला एकच उत्तर शिकवा. काहीही विचारलं तरी ‘खबर नथी’, माहीत नाही. कुंदन आज्ञाधारक. त्यानं हे उत्तर दोन दिवसांत पक्कं केलं. तिसऱ्या दिवशी किराणा दुकानदारानं काय पाहिजे विचारलं, खबर नथी. चौथ्या दिवशी शेजारच्या शांताबाईंनी आई घरात आहे का विचारलं, खबर नथी; मंगलाबाई त्याच्या मागेच उभ्या होत्या. शांताबाईंनी याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि पुढचे दोन महिने त्या कोथिंबीर मागायला आल्या नाहीत.

दवाखान्यातल्या पहिल्या खिडकीवर मातृभाषेचा रकाना होता. निंबाभाऊंनी सांगितलं, अहिराणी. कारकुनानं यादी बघितली, अहिराणी नव्हती. मग मराठी म्हणा. मराठी होती, पण मराठीतला चाचणीचा संच तिथं नव्हता. तो पाहिजे तर महाराष्ट्रात जावं लागेल, असं कारकून म्हणाला. महाराष्ट्रात गेलं तर आधार कार्ड गुजरातचं म्हणून परत पाठवतील, हेही त्यानंच सांगितलं. माणूस प्रामाणिक होता. शेवटी गुजरातीवर तडजोड झाली, कारण कुंदनला ती इतर भाषांपेक्षा कमी येत नव्हती.

चाचणी घेणाऱ्या जयश्रीबेन चाळिशीच्या, शांत, आवाज खाली ठेवून बोलणाऱ्या. निंबाभाऊंना त्या पहिल्या भेटीतच आवडल्या, कारण त्या प्रत्येक गोष्ट दोनदा बघत. त्यांनी कुंदनला नाव विचारलं.

“खबर नथी.”

जयश्रीबेननी पेन खाली ठेवलं. कुणी शिकवलं असं म्हणायला, असं त्यांनी हसून विचारलं.

“भूपेंद्रकाकाने.”

निंबाभाऊंनी दाराच्या फटीतून हे ऐकलं आणि नजर छताकडे नेली. छताला ओल आली होती. त्यांनी मनातल्या मनात तिच्याभोवती खडू फिरवला.

पुढं मात्र कुंदन कुंदनसारखाच वागला. कुलूप आणि झाकण यांत सारखं काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, दोन्ही मम्मीला सापडत नाहीत. शेजारच्या घरातून धूर आला तर काय करशील? तो म्हणाला, काही नाही, गुरुवार असेल, शांताबाई धूप घालतात. पाच आकडे उलटे म्हणायला सांगितले तर त्यानं सुलटेही म्हटले नाहीत. निंबाभाऊंना बाहेर आशा वाटू लागली, आणि आशा वाटल्याची लाज वाटू लागली. बापाच्या मनात एकाच बाकावर या दोघी शेजारी बसतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मग जयश्रीबेननी लाल-पांढरे ठोकळे काढले. कार्डावर नक्षी, तशी ठोकळ्यांची नक्षी करायची, हातात घड्याळ. कुंदनचा चेहरा उजळला. हे तर घरचं काम. पहिलं कार्ड संपलं, दुसरं संपलं. जयश्रीबेननी अवघड कार्डं काढली, ती संपली. शेवटच्या कार्डाला त्यानं त्यांनाच सांगितलं की तुमच्या नक्षीत एक टिकली तिरकी छापलीय. खरंच छापली होती.

आकडा आला एकाहत्तर.

जयश्रीबेननी निंबाभाऊंना आत बोलावून समजावलं. एक-दोन गुण इकडे-तिकडे, हा चाचणीचाच फरक असतो. चांगली चाचणी म्हणजे तोच माणूस दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या कुणी तपासला तरी आकडा जवळपास तोच यावा, पण ‘जवळपास’ म्हणजे ‘तोच’ नव्हे. निंबाभाऊंना हे पटलं. त्यांच्या टेबलावरही तोच नियम होता. म्हणून दुसरा कागद महत्त्वाचा, असं बेन म्हणाल्या. रोजच्या व्यवहारात मुलगा स्वतःचं किती करतो, हे आई-बापांना विचारायचं. त्यात तो खरोखर अवलंबून दिसला तर एकाहत्तर असूनही दाखला देता येईल. सगळं आता तुमच्या उत्तरांवर आहे.

आणि इथं मंगलाबाई आत आल्या.

त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती. खुर्चीच्या टोकावर बसल्या, पदर सावरला, हात मांडीवर ठेवले. निंबाभाऊंनी ती बैठक ओळखली. हर्षदाला बघायला पाहुणे आले होते तेव्हा मंगलाबाई अशाच बसल्या होत्या. बघायला आलेल्यांपुढं आपल्या लेकराचं उणं आपण काढायचं नसतं, हा रिवाज त्यांना त्यांच्या आईनं शिकवला, तिला तिच्या आईनं. उणं असेल ते पाहुण्यांनी शोधावं. जयश्रीबेन पाहुण्या होत्या, हातात कागद होता, आणि मुलाची चौकशी चालली होती. मंगलाबाईंना आणखी काय पाहिजे होतं?

मुलगा स्वतः आंघोळ करतो? करतो, दोनदा करतो. एकटा बाहेर जातो? जातो ना, बाजारहाट तोच बघतो. पैशाचा हिशेब समजतो? भाजीवाल्याशी घासाघीस करतो. स्वयंपाक? पुरणपोळी येते. निंबाभाऊंनी बायकोकडे बघितलं. पुरणपोळी हर्षदालाही येत नव्हती. बेननी त्यांच्याकडे वळून विचारलं, बँकेचं वगैरे काही बघतो का तुमचा मुलगा?

हीच ती वेळ होती. एकतीस वर्षं सेकंडला सेकंड म्हणणाऱ्या माणसानं बायकोच्या इस्त्रीच्या साडीकडे बघितलं, मांडीवर घट्ट धरलेल्या तिच्या हातांकडे बघितलं, आणि म्हटलं, “बघतो.” मनाला त्यांनी समजावलं की कुंदन बँकेत गेला की पंख्याकडे बघत असतो, तेव्हा हे अगदीच खोटं नाही.

दुसऱ्या कागदाचा आकडा नव्वदच्या घरात गेला. बेननी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघितले. मग म्हणाल्या की एवढं सगळं येत असेल तर दाखला देता येत नाही. सहा महिन्यांनी परत या, त्याआधी घेतली तर पाठ झालेली उत्तरं येतात आणि आकड्याला अर्थ राहत नाही. आणि येताना खरं बोलायला कुणाला तरी घेऊन या, असं त्या निंबाभाऊंकडे न बघता म्हणाल्या.

घरी आल्यावर मंगलाबाईंनी शिरा केला आणि चार घरांत वाटला. सरकारी दवाखान्यानं तपासून सांगितलं, माझं पोर ठीक आहे. कुंदनही खूश होता. निंबाभाऊंनी शिरा खाल्ला. वेलदोडा छान लागला होता.

सहा महिने गेले तर मार्च ओलांडणार आणि जागा जाणार. तेव्हा बाबुराव गुरुजींनी अर्जाची कल्पना काढली. मसुदा त्यांचाच: ‘विषय: माझ्या मुलाचे बुद्धीचे गुण कमी करून मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, माझा मुलगा आपल्या निदर्शनास आला त्यापेक्षा कमी हुशार असून...’ भूपेंद्रभाईंनी त्याचं गुजराती करून दिलं, आणि करताना ‘कमी’च्या जागी सवयीनं ‘जास्त’ लिहिलं, ते खोडून वर बरोबर केलं. त्यामुळे अर्ज मुळातच संशयास्पद दिसू लागला.

खिडकीवरच्या कारकुनानं तो दोनदा वाचला. मग शेजारच्याला दाखवला. शेजारचा म्हणाला, आकडा वाढवायचाय ना? निंबाभाऊ म्हणाले, कमी करायचाय. तिसरा आला. बावीस वर्षांच्या नोकरीत असा अर्ज बघितला नाही, यावर तिघांचं एकमत झालं. नकार द्यायलाही नियम लागतो आणि तो सापडेना, म्हणून त्यांनी प्रतिज्ञापत्र मागितलं. नोटरी म्हणाला, मुलगा हुशार नाही याला पुरावा काय? शाळेचं काही आणा.

निंबाभाऊंनी ट्रंकेतून प्रगतिपुस्तकं काढली. पहिली ते आठवी. प्रत्येक पानावर एकाच वळणदार अक्षरात: वर्तणूक उत्तम, प्रगती समाधानकारक. खाली सही, बाबुराव.

ते पुस्तकं घेऊन गुरुजींकडे गेले. गुरुजी ओट्यावर पेपर वाचत होते. निंबाभाऊंनी आठही पानं त्यांच्यापुढं उघडून ठेवली आणि म्हणाले, गुरुजी, तेव्हा एकदा जरी लिहिलं असतं.

गुरुजींनी चष्मा काढला. पुसला, पण घातला नाही.

“दर वर्षी निकालाच्या दिवशी मंगलाबाई शाळेत यायच्या, निंबाभाऊ,” ते म्हणाले. “माझ्या हाताकडे बघत उभ्या राहायच्या. मी दुसरं काय लिहिणार होतो?”

अर्ज तिथंच मेला. निंबाभाऊंनी संस्थेला पत्र लिहून मुदत मागितली. संस्थेनं नाइलाजानं, पण माणुसकीनं, जूनअखेरपर्यंत दिली. पुढं नाही, हेही लिहिलं. त्या काळात निंबाभाऊंचं कामावर लक्ष लागेना. दोन ताक्यांवर त्यांनी फ्रेशचा शिक्का मारला आणि व्यापाऱ्याकडून माल परत आला. शेठ काही बोलला नाही. तो न बोलल्याचं निंबाभाऊंना आठवडाभर लागून राहिलं.

जूनमध्ये परत दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी मंगलाबाई टिकल्या निवडत बसल्या होत्या. निंबाभाऊंनी विषय काढला. या वेळी खरं सांगावं लागेल, म्हणाले. मंगलाबाईंनी मान वर केली नाही. रागावल्याही नाहीत, हेच वाईट झालं.

“माले माहीत नही का?” त्या म्हणाल्या. “चोवीस वरीस झाकी ठेवं मी. आते मन्हाच तोंडघाई सांगू?” बऱ्याच वेळानं त्यांनी टिकल्यांचा डबा बंद केला. “तुम्ही जा. आणि काय सांगं ते घर ई सन माले सांगू नका.” तिथं काय बोललात ते घरी येऊन ऐकवायचं नाही, एवढंच त्यांचं मागणं होतं.

सकाळी त्यांनी कुंदनला इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडून दिला, आणि दारात न येता आतूनच जा म्हणाल्या.

ठोकळ्यांची वगैरे चाचणी पुन्हा झाली. आकडा आला सत्तर. जयश्रीबेन म्हणाल्या, बघा, जवळपास तोच. निंबाभाऊंना इतक्या दुःखातही चाचणीबद्दल आदर वाटला. मग दुसरा कागद. कुंदननं बाहेर बसायला हवं होतं, पण बाहेर गर्दी होती, एक लहान मूल जोरात रडत होतं, आणि रडणं ऐकलं की कुंदन कान झाकून भिंतीशी जातो. तेव्हा तो निंबाभाऊंच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. बेन म्हणाल्या, चालेल ना त्याच्यासमोर? निंबाभाऊ म्हणाले, चालेल. न चालून कुणाला सांगणार?

कपडे स्वतः घालतो?

घालतो. बटणं वर-खाली होतात.

आंघोळीचं पाणी स्वतः घेतो?

नाही. गरम किती, गार किती, त्याला कळत नाही. आई काढून देते.

वीस रुपये दिले आणि बाराची वस्तू आणायला सांगितलं, तर परत किती मागायचे ते येतं?

नाही.

निंबाभाऊ सरळ बसले होते, टेबलावर बसतात तसे. एक प्रश्न आला, एक खूण पडली. पाच-सहा प्रश्न झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कुंदन खुर्ची हळूहळू त्यांच्याकडे सरकवतोय. प्रत्येक ‘नाही’ला तो ओठ चावत होता आणि काळजीनं बेनच्या पेनाकडे बघत होता. स्वयंपाकाचा प्रश्न आला तसा तो बापाच्या कानाशी वाकून कुजबुजला, “चहा.”

“चहा येतो,” निंबाभाऊ म्हणाले. “गॅस त्याची आई पेटवते.”

एकटा रस्ता ओलांडतो का? “हो म्हणा ना, पप्पा,” कानाशी आवाज आला. निंबाभाऊ म्हणाले, नाही. घड्याळ? नाही. दुखलं-खुपलं तर कुठं दुखतं ते सांगतो? निंबाभाऊंनी पाणी मागितलं. प्याले. दोन वर्षांपूर्वी कुंदनचं पोट तीन दिवस दुखत होतं आणि तीनही दिवस विचारलं की तो ठीक आहे म्हणत होता, कारण ठीक आहे म्हटलं की मम्मी हसते. हे त्यांना सांगायचं होतं. त्यांनी फक्त म्हटलं, नाही सांगत.

तुम्ही दोघंही घरी नसाल, समजा दोन दिवस, तर तो राहू शकेल?

कुंदन आता कुजबुजला नाही. याचं उत्तर त्यालाही माहीत नसावं. तो बापाच्या तोंडाकडे बघत राहिला.

“नाही,” निंबाभाऊ म्हणाले. “नाही राहू शकणार.”

बेननी कागदाची बेरीज केली, सही केली, आणि उभं राहून म्हणाल्या की दाखला मिळेल. वैद्यकीय बोर्डाच्या सह्या होऊन आठ दिवसांत. जागा मिळून जाईल तुमच्या मुलाला. निंबाभाऊंनी हात जोडले. वर्षभर ज्या शब्दासाठी वणवण केली तो शब्द मिळाला होता, आणि त्याला हातात कसं धरावं ते त्यांना सुचेना.

बाहेर आवारात एक बाक होता. बसला वेळ होता. निंबाभाऊ तिथं बसले. कुंदन शेजारी बसला. नेहमी तो बाकाच्या टोकाला बसतो, आज खांद्याला खांदा लावून बसला. समोरून स्ट्रेचर गेलं, चहावाला गेला, फायली घेतलेला एक म्हातारा तीच खिडकी शोधत दोनदा गेला.

मग कुंदननं वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. हात किती जोरात ठेवायचा याचा त्याला अंदाज नसतो; थाप जरा जोरातच बसली.

“पप्पा,” तो हळू म्हणाला, “तुम्हाला एक पण आलं नाही.”

निंबाभाऊंनी त्याच्याकडे बघितलं.

“मी सांगत होतो हळूच. तुम्ही ऐकलंच नाही.” त्यानं इकडेतिकडे बघून घेतलं, कुणी ऐकत नाही ना ते. “त्या मॅडमनी परत बोलवलंय का?”

“नाही. आता नाही बोलावणार.”

कुंदननं यावर विचार केला. विचार करताना तो डोळे मिटतो. उघडले तेव्हा त्याचं काहीतरी ठरलेलं होतं.

“घाबरू नका,” तो म्हणाला. “मी मम्मीला सांगत नाही.”

निंबाभाऊंनी खिशातून रुमाल काढला, चष्मा काढला, आणि दोन्ही हातात धरून तसेच बसून राहिले. हात अजून पाठीवरच होता.

“नको सांगू,” ते म्हणाले.